राउटरमध्ये बाहेरची रॅम टाकली आणि घोळ झाला? सिस्को १८४१ आणि २८११ वाल्यांसाठी सगळं पायरीपायरीने

राउटरवर शो व्हर्जन (बॉक्सची सगळी माहिती दाखवणारी कमांड) मारलं आणि ओळ आली, २३६५४४के / २५६००के बाइट्स ऑफ मेमरी. बेरीज करा, २६२१४४, म्हणजे बरोबर २५६ एमबी. आता माझ्या १८४१ च्या बोर्डावर मुळातच १२८ एमबी सोल्डर केलेली आणि स्लॉटमध्ये मी २५६ ची स्टिक बसवलेली, म्हणजे यायला हवे होते ३८४. राउटर मस्त बूट झालेला, एकही एरर नाही, सगळे इंटरफेस अप, आणि १२८ एमबी गायब. मी ती ओळ नीट वाचलीच नव्हती, चार दिवसांनी नवीन आयओएस (सिस्को राउटरची ऑपरेटिंग सिस्टम) टाकायला गेलो तेव्हा कळलं. तोपर्यंत दुकानदाराची टेस्टिंग वॉरंटी संपलेली.

तर हा लेख त्या चार दिवसांचं प्रायश्चित्त समजा. १८४१ आणि २८११ हीच उदाहरणं घेतोय कारण माझ्या हाताखालून हेच सगळ्यात जास्त गेलेत, पण पद्धत २९११ वगैरेंनाही बऱ्यापैकी लागू पडते. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर अर्थातच इंग्रजीत टाईप करायच्या.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. हे बॉक्स २००४ चे, विक्री १ नोव्हेंबर २०११ ला बंद, सपोर्ट ३१ ऑक्टोबर २०१६ ला संपला. म्हणजे आता सिक्युरिटी पॅच नाही, त्यामुळे थेट इंटरनेटच्या तोंडावर लावू नका. सीसीएनएची (सिस्कोची नेटवर्किंगची परीक्षा) लॅब, क्लासमधली रॅक, आतल्या आत दोन सबनेट जोडायचं काम, एवढ्यासाठी मात्र अजून दणकट आहेत आणि लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत ओळखीचा माणूस असला तर सहज मिळतात. रॅम वाढवायची वेळ येते ती बहुतेक आयओएसमुळे, कारण या फॅमिलीची शेवटची ट्रेन, म्हणजे आवृत्त्यांची मालिका, १५.१(४)एम, आणि १२.४ वर सुखाने चालणारा १२८ वाला बॉक्स तिचे मोठे फीचर सेट उचलत नाही.

खरेदीच्या आधी दहा मिनिटं

राउटरला लॉगिन करा आणि शो व्हर्जनचं पूर्ण आउटपुट टेक्स्ट फाईलमध्ये सेव्ह करा. पूर्ण म्हणजे पूर्ण, नुसतं वरचं नाही. त्यात तीन ओळी महत्त्वाच्या. पहिली ती मेमरीची, स्लॅशच्या डावीकडे प्रोसेसर मेमरी, उजवीकडे आयओ म्हणजे पॅकेट बफरची मेमरी, दोन्ही मिळून एकूण रॅम. दुसरी ओळ डीरॅम कॉन्फिगरेशनची, "६४ बिट्स वाईड विथ पॅरिटी डिसेबल्ड" असं १८४१ वर दिसेल आणि २८११ वर तिथेच "पॅरिटी एनेबल्ड" दिसेल. पॅरिटी म्हणजे मेमरीतली चूक पकडायचा जादाचा बिट, आणि या एका शब्दावर तुमची अर्धी खरेदी ठरते. तिसरी ओळ "सिस्टम रिटर्न्ड टू रॉम बाय" ची, म्हणजे मागच्या वेळी बॉक्स का रिस्टार्ट झाला त्याची. तिथे आधीच पॉवर-ऑन किंवा रीलोड सोडून काही विचित्र लिहिलेलं असेल तर थांबा, जुन्या रॅमवरच आजारी असलेल्या बॉक्सला नवीन रॅम घालून नंतर नवीन रॅमला शिव्या देण्यात अर्थ नाही.

मग कमाल मर्यादा बघा. १८४१ ला ३८४ एमबी. २८११ ला दोन स्लॉट आहेत आणि डेटाशीटवर कमाल ७६० लिहिलीये, म्हणून ५१२ च्या दोन टाकून १ जीबी होईल असं स्वप्न बघू नका, त्यासाठी २८२१ किंवा २८५१ लागतो. आणि जी इमेज (आयओएसची फाईल) टाकायचीये तिच्या रिलीज नोटमध्ये किमान डीरॅम आणि किमान फ्लॅश (फाईली साठवायचं कार्ड) दोन्ही दिलेले असतात, लोक रॅम बघतात आणि फ्लॅश विसरतात, मग रॅम आली तरी इमेज ठेवायला जागा नाही.

आता स्टिक. दुकानात "सिस्कोला चालते" एवढ्यावर पैसे देऊ नका, स्टिक हातात घ्या आणि काळे चिप मोजा. ८ किंवा १६ असतील तर साधी, ९ किंवा १८ असतील तर जादाची चिप पॅरिटी/ईसीसीसाठी (ईसीसी म्हणजे चूक पकडून दुरुस्तही करणारी मेमरी). शो व्हर्जनमधला तो पॅरिटीवाला शब्द इथे कामाला येतो. जुनी स्टिक बरोबर न्या आणि शेजारी ठेवून बघा, खाच त्याच जागी आहे का, पिना तेवढ्याच का, आणि मधोमध आडव्या वेगळ्या दिसणाऱ्या छोट्या चिप आहेत का, कारण सर्व्हरमधून काढलेल्या स्टिक बऱ्याचदा रजिस्टर्ड असतात आणि त्यावर त्या जादाच्या चिप असतात. मूळ स्टिकवर त्या नसतील तर नवीनवर पण नकोत.

माझे १२८ एमबी कुठे गेले तेही इथेच सांगतो. २५६ एमबीची स्टिक दोन तऱ्हेने बनते, १२८ मेगाबिटच्या १६ चिप लावून किंवा २५६ मेगाबिटच्या ८ चिप लावून. कॅपॅसिटी तीच, लेबल तेच. पण जुन्या मेमरी कंट्रोलरला मोठ्या डेन्सिटीच्या चिपचा एक ॲड्रेस बिट कळतच नाही, मग तो अर्धीच स्टिक बघतो आणि काहीही कुरकुर न करता चालू होतो. माझी स्टिक ८ चिपवाली होती. म्हणून मोजा म्हणतोय.

बॉक्स उघडायच्या आधी एक काम, जे कोणीच करत नाही

कॉन्फिग टीएफटीपीवर (नेटवर्कवरून फाईल पाठवायची साधी सोय) किंवा निदान नोटपॅडमध्ये घ्या, आयओएस इमेजची कॉपी पीसीवर घ्या, आणि मग जुन्या रॅमवरच, काहीही न बदलता, मागचा पॉवर स्विच बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि परत चालू करा. रीलोड कमांड नाही, खरोखरची पॉवर बंद.

कारण सांगतो. २०१४ च्या सुरुवातीला सिस्कोने स्वतःच जाहीर केलं होतं की २००५ ते २०१० या काळात एकाच सप्लायरने बनवलेले काही मेमरी पार्ट त्यांच्या बऱ्याच प्रॉडक्टमध्ये गेलेत, आणि ज्या बोर्डांवर ते आहेत ते वर्षानुवर्षं नीट चालतात पण एकदा पॉवर बंद करून चालू केली की उठतच नाहीत असं होऊ शकतं. त्यासाठी त्या तिमाहीत त्यांनी ६५.५ कोटी डॉलरची तरतूद केली होती, म्हणजे प्रकरण किरकोळ नव्हतं. आता विचार करा, तुमचा बॉक्स चार वर्षं बंदच झालेला नाही, तुम्ही रॅम बदलायला पहिल्यांदा पॉवर काढली, आणि तो उठला नाही. तुम्ही कोणाला दोष देणार? नव्या स्टिकला. आणि ती बिचारी निर्दोष असू शकते. जुन्या रॅमवर कोल्ड बूट आधीच करून बघितलं तर हा प्रश्नच मिटतो.

हे करताना कन्सोल केबल लावून ठेवा, निळी चपटी, ९६०० बॉड, ८ बिट, नो पॅरिटी, १ स्टॉप. आणि बूट होताना जे काही स्क्रीनवर येतं ते सगळं लॉग करा. पुट्टीमध्ये सेशन लॉगिंग ऑन करायला दोन क्लिक लागतात. सगळ्यात वर, आयओएस यायच्याही आधी, "सी१८४१ प्लॅटफॉर्म विथ १३१०७२ केबाइट्स ऑफ मेन मेमरी" अशी ओळ येते. ही रॉममॉनने, म्हणजे आयओएसच्या आधी चालणाऱ्या छोट्या बूट प्रोग्रामने, मोजलेली रॅम आहे, इथे अजून सॉफ्टवेअरचा संबंधच आलेला नाही. १३१०७२ म्हणजे १२८ एमबी, २६२१४४ म्हणजे २५६, ३९३२१६ म्हणजे ३८४. हे तीन आकडे बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवलेत मी.

बसवताना

पॉवर केबल काढा, नुसता स्विच नाही. मनगटाचा ॲन्टिस्टॅटिक पट्टा असेल तर लावा, नसेल तर निदान चेसिसच्या न रंगवलेल्या धातूला हात लावत राहा, आणि थंडीच्या कोरड्या दिवसात लोकरीचा स्वेटर घालून हे काम करू नका, गंमत नाही. जुनी स्टिक काढताना दोन्ही बाजूच्या क्लिप सारख्याच बाहेर ढकलायच्या. नव्या स्टिकची सोनेरी कड पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा, कचरा ब्रशने झाडा, मग आयसोप्रोपिलने एकदा. सेकंडहँड मालावर बोटांचा तेलकटपणा असतोच. पेन्सिलीच्या मागचं गुलाबी खरखरीत रबर वापरू नका, त्याने मुलामा जातो.

बसली की नाही हे आवाजावर सोडू नका. क्लिप स्वतःहून खाचेत शिरली पाहिजे, तुम्ही बोटाने लोटून लावलीत तर ती पूर्ण आत गेलेली नाही. टॉर्च लावून आडवं बघा, सोनेरी पट्टी दोन्ही टोकांना सारखीच दिसायला हवी, एका टोकाला जास्त दिसतेय म्हणजे तिरकी बसलीये. "नवीन रॅम डेड आहे" म्हणून माझ्याकडे आलेल्यातली निम्मी अशी तिरकी बसलेली निघतात.

२८११ ला दोन नवीन स्टिक एकदम टाकू नका. एक टाका, बूट, लॉग. ती काढा, दुसरी त्याच स्लॉटमध्ये, बूट, लॉग. मग पहिली दुसऱ्या स्लॉटमध्ये. मग दोन्ही. कंटाळवाणं आहे, अर्धा तास जातो, पण शेवटी कोणती स्टिक आणि कोणता स्लॉट याचं उत्तर कागदावर असतं.

कन्सोलवर काहीच येत नाही

फॅन फिरतोय, लाईट लागलीये, स्क्रीन काळी. आधी केबलची खात्री करा, जुनी स्टिक परत टाकून बघा, स्क्रीनवर अक्षरं आली तर केबल आणि बॉक्स दोन्ही ठीक. १८४१ चा एक फायदा असा की बोर्डावर स्वतःची रॅम आहे, त्यामुळे स्लॉट रिकामा ठेवूनही तो उठतो, म्हणजे रिकामा स्लॉट हीच तुमची बेसलाईन. रिकाम्यावर उठतो आणि नव्या स्टिकवर उठत नाही, दोनदा साफ करून दोनदा बसवून तेच, तर ती स्टिक या बॉक्सची नाही. खराबच असेल असं नाही, स्टिकवरच्या छोट्या एसपीडी चिपमध्ये टायमिंगची माहिती असते आणि ती कोरी किंवा चुकीची असली तरी असंच होतं. पीसीत चालते म्हणून दुकानदार हात वर करेल, त्याला काय सांगणार, परत करायचं आधीच बोलून घ्या.

अक्षरं येतायत पण कचरा येतोय, चौकोन आणि उलटे प्रश्नचिन्ह, तर रॅमला हात लावू नका. बॉड रेट बदललाय, कोणीतरी कॉन्फिग रजिस्टर (बूटची आणि कन्सोलची सेटिंग ठेवणारा आकडा) छेडलंय. ३८४००, ११५२०० लावून बघा.

रॉममॉनवर अडकला

इथे घाबरायचं कारण नाही, उलट रॉममॉन प्रॉम्प्ट आला म्हणजे रॅम किमान प्राथमिक पातळीवर चालतेय. मेमइन्फो टाईप करा, रॉममॉनला किती रॅम दिसते ते सांगेल. मग डिर फ्लॅश. इमेज दिसते का? दिसत असेल तर बूट फ्लॅश आणि पुढे फाईलचं नाव. "सेल्फ डिकॉम्प्रेसिंग द इमेज" येऊन हॅशच्या रांगा लागतील आणि शेवटी ओके. तिथे "मेमरी रिक्वायरमेंट्स एक्सीड अव्हेलेबल मेमरी" आलं तर सरळ हिशेब आहे, इमेजला जेवढी हवी तेवढी दिसत नाहीये, परत चिप मोजायला जा. हॅशच्या रांगा मध्येच थांबून रीबूट होत असेल, आणि दर वेळी वेगळ्या ठिकाणी थांबत असेल, तर रॅमवर संशय घ्या. दर वेळी अगदी त्याच ठिकाणी मरत असेल तर इमेज फाईलच अर्धवट कॉपी झालेली असायची शक्यता जास्त.

डिर फ्लॅशलाच एरर येत असेल तर प्रश्न रॅमचा नाहीच, कॉम्पॅक्ट फ्लॅशचा आहे. लोक रॅमबरोबर कॅमेऱ्यातलं जुनं सीएफ कार्ड पण टाकतात, पीसीवर फॉरमॅट करून. आयओएस चालू असताना ते दिसतं सुद्धा, पण बूट होताना रॉममॉनला लागणारा मॉनलिब नावाचा तुकडा त्यावर नसतो, तो राउटरनेच फॉरमॅट केल्यावर लिहिला जातो. म्हणून फॉरमॅट फ्लॅश राउटरमध्येच करा. आणि १८४१ ची अधिकृत मर्यादा १२८ एमबीच्या कार्डाची आहे, ८ जीबीचं कार्ड टाकून कशाला नशीब आजमावता.

बूट झाला, रॅम कमी दिसते

हे वर सांगितलंच. फक्त क्रम लक्षात ठेवा, रॉममॉनच्या ओळीतला आकडा आणि शो व्हर्जनमधली बेरीज, दोन्ही बघा. रॉममॉनलाच कमी दिसली तर हार्डवेअर, म्हणजे डेन्सिटी किंवा बसवणं. नीट बसलेल्या ३८४ वाल्या १८४१ वर मला ३५४३०४के / ३८९१२के दिसतं, बेरीज ३९३२१६.

रॅम पूर्ण दिसते तरी मॅलॉकफेल

हा सगळ्यात फसवा प्रकार. रॅम तिप्पट केली आणि लॉगमध्ये तरीही एसवायएस-२-मॅलॉकफेल, म्हणजे मेमरी मागितली पण मिळाली नाही. त्या मेसेजमध्ये पूलचं, म्हणजे मेमरीच्या कुठल्या हिश्श्यात कमी पडली त्याचं, नाव असतं, ते वाचा. पूल प्रोसेसर असेल तर शो प्रोसेसेस मेमरी सॉर्टेड मारा, एक तासाने परत मारा, दुसऱ्या दिवशी परत. एकाच प्रोसेसचा होल्डिंगचा आकडा फुगतच चाललाय तर तो लीक आहे, आयओएसचा बग, त्याला कितीही रॅम घाला तो खाऊन टाकणार, फक्त क्रॅश मंगळवारऐवजी शुक्रवारी होईल.

पूल आयओ असेल तर रनिंग कॉन्फिगमध्ये मेमरी-साईझ आयओमेम अशी ओळ शोधा. आधीच्या कोणा माणसाने कधीतरी हाताने टक्केवारी ठोकून ठेवलेली असते आणि ती ओळ नव्या रॅमला पण लागू होते. २५ टक्के असेल तर ३८४ मधले ९६ एमबी सरळ बफरला गेले आणि प्रोसेसरला तुम्ही समजता त्यापेक्षा कमी राहिली. उलट ५ असेल तर बफर उपाशी. नो मेमरी-साईझ आयओमेम करा, सेव्ह करा, रीलोड करा, बॉक्स स्वतः मोजून वाटणी करतो आणि या फॅमिलीत ती बहुतेक बरोबर असते.

आणि एक, रॅम वाढवली म्हणून मोठ्या राउटरच्या टीकॅममध्ये (पॅकेटचा मार्ग झटपट शोधायची वेगळी मेमरी) जागा वाढत नाही. १२ ऑगस्ट २०१४ ला इंटरनेटचं राउटिंग टेबल (मार्गांची यादी) ५१२के नोंदी ओलांडून गेलं आणि जगभर जुने मोठे बॉक्स झोपले, तेव्हा ज्यांच्याकडे रॅम भरपूर होती त्यांचंही टीकॅम भरलं होतं. १८४१ ला हा प्रश्न नाही, पण कोणी मोठा बॉक्स घेऊन "रॅम टाकू का" विचारतं तेव्हा हे सांगावं लागतं.

चालतो, मग मध्येच पडतो

इथे वेळ लागतो, आणि इथेच लोक घाई करतात. शो व्हर्जनमधली रिटर्न्ड टू रॉमची ओळ आणि फ्लॅशमध्ये पडलेल्या क्रॅशइन्फो फाईल, एवढंच साहित्य. पॉवर-ऑन लिहिलंय म्हणजे तो पडला नाही, लाईट गेली किंवा पॉवर सप्लाय सैल आहे. पॅरिटी एरर लिहिलंय आणि पहिल्यांदाच आलंय तर तारीख लिहून ठेवा आणि सोडून द्या, एखादा बिट आपोआप उलटू शकतो. दुसऱ्यांदा आला तर स्टिक बदला, चर्चा नको.

पण १८४१ वर पॅरिटी डिसेबल्ड आहे ना, म्हणजे तो पॅरिटी एरर दाखवणारच नाही. तिथे खराब स्टिक वेषांतर करून येते, बस एरर (प्रोसेसर चुकीच्या मेमरी पत्त्यावर गेला) म्हणून, कधी वेगळंच काही. बस एरर सॉफ्टवेअर बगमुळेही येतोच, त्यामुळे ओळखायची माझी पद्धत अशी, तीन क्रॅश होऊ द्या आणि पीसीच्या पुढचा हेक्स आकडा तिन्ही वेळेस बघा. इथे पीसी म्हणजे प्रोग्राम काउंटर. तिन्ही वेळी तोच आकडा असेल तर आयओएस बदला, तीन वेळी तीन वेगळे असतील आणि एक्सेप्शनचा प्रकारही बदलत असेल तर स्टिक काढा.

राउटरला पीसीसारखी बूट होणारी मेमरी टेस्ट सहज हाताशी नसते, म्हणून मी एक देशी उपाय करतो. फ्लॅशमधल्या इमेजवर व्हेरिफाय एमडी५ (फाईलची बोटखूण काढणारी कमांड) दहा वेळा मारतो. फाईल तीच, उत्तर दहाही वेळा तेच यायला हवं. एकदा असा २८११ आला होता की आठ वेळा एक उत्तर आणि दोन वेळा भलतंच. सीएफ कार्ड बदललं, तरी तेच. स्टिक बदलली, दहाला दहा. ती स्टिक पीसीत, सॉरी, संगणकात टाकली तर काही तास बिनतक्रार चालली होती, म्हणून दुकानात टेस्ट करून दिली यावर जाऊ नका, राउटरच्या बंद डब्यात उन्हाळ्यात दुपारी तीनला काय होतं ते वेगळंच असतं. म्हणून एमडी५ ची एक फेरी सकाळी आणि एक फेरी बॉक्स चांगला तापल्यावर.

हे झालं की पाच कोल्ड बूट, प्रत्येकात रॉममॉनचा आकडा लॉगमध्ये. मग तीन दिवस तसाच ट्रॅफिकवर ठेवायचा. त्यानंतरच मी रॅकला स्क्रू लावतो.

जुनी स्टिक फेकू नका

विशेषतः तुमचा बॉक्स नवीन मॉडेलचा असेल आणि सपोर्ट कॉन्ट्रॅक्ट चालू असेल तर. सिस्कोचं धोरण असं आहे की बाहेरचा पार्ट टाकला म्हणून सपोर्ट आपोआप रद्द होत नाही, पण बिघाड त्या पार्टमुळे आहे असं दिसलं तर ते हात वर करू शकतात, आणि केस उघडल्यावर मूळ मेमरी लावून परत दाखवा असं सांगू शकतात. तेव्हा मूळ स्टिक सापडली पाहिजे. चंदेरी ॲन्टिस्टॅटिक पिशवीत घाला, बाहेर राउटरचा सीरियल नंबर आणि काढल्याची तारीख, आणि पिशवी चेसिसला सेलोटेपने चिकटवा, ड्रॉवरमध्ये नाही. ड्रॉवरमधल्या सगळ्या स्टिक सारख्याच दिसतात, माझ्याकडे अशा अकरा आहेत आणि कुठली कोणाची ते आता कोणालाच सांगता येत नाही.

घरचे छोटे राउटर घेऊन कोणी विचारेलच, तर टीपी-लिंक ८४१एन सारख्यांमध्ये स्लॉट नसतो, बऱ्याचदा ३२ एमबीची चिप बोर्डावर सोल्डर केलेली असते. हॉट एअर गन घेऊन ६४ ची चिप लावणारे लोक आहेत, ओपनडब्ल्यूआरटीसाठी (राउटरवर टाकायचं मोफत सॉफ्टवेअर). हात बसलेला असेल तर करा, पण त्याचं ट्रबलशूटिंग म्हणजे भिंगातून पिनांमधले सोल्डरचे पूल शोधणं.